चोवीस सेकंदांचें स्मरण

आपल्या घरचें माणूस गेलें म्हणजे पुढें काय करावयाचें, हें कोणास शिकवावें लागत नाहीं. शेजारी धांवून येतात, चूल पेटत नाहीं म्हणून कोणी पिठलें-भात आणून देतें, दहावा आणि तेरावा ठरतो, आणि दुःखाला हळूहळू वाट सांपडते. परंतु ज्याला आपण कधीं भेटलों नाहीं, ज्याच्या घराचा उंबरठा ओलांडला नाहीं, ज्याच्या कानांवर आपलें नांवही कधीं गेलें नाहीं, अशा माणसाच्या मृत्यूनें जीव कासावीस झाला, तर त्या दुःखाचें काय करावें? त्याला सुतक नाहीं, तेरावा नाहीं, आणि समाचाराला येणारे लोकही नाहींत. असें दुःख एकाच दिवशीं लक्षावधि लोकांच्या वाट्यास आलें, आणि त्यांनीं त्याला स्वतःची एक वाट करून दिली. ती वाट कोणती, हें आजच्या भाषणांत पाहावयाचें आहे.

तो दिवस रविवार, २६ जानेवारी २०२० हा होता. आपल्याकडे प्रजासत्ताक दिनाचा सोहळा आटोपून रात्र झाली होती. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे पावणेदहा वाजले होते. लॉस एंजेलिस शहराच्या वायव्येस कॅलाबासस नांवाचें गांव आहे. तेथील टेंकड्यांवर दाट धुकें उतरलें होतें, आणि त्या धुक्यांत एक हेलिकॉप्टर कोसळून आंतील नऊही माणसें ठार झालीं. वैमानिक ढगांत शिरला आणि त्याला दिशेचें भान राहिलें नाहीं, असा निष्कर्ष पुढें फेब्रुवारी २०२१ मध्यें सरकारी चौकशींत निघाला. मृतांमध्यें कोबी ब्रायंट हा ४१ वर्षांचा निवृत्त बास्केटबॉलपटू आणि त्याची १३ वर्षांची मुलगी जियाना हीं होतीं. मुलींच्या एका सामन्यासाठीं तीं सारीं निघालीं होतीं.

कोबी हें नांव ऐकून आपल्यापैकीं कांहींना मंडईची आठवण होईल. वस्तुतः त्याचा संबंध जपानांतील कोबे शहराशीं आहे. त्या शहराच्या नांवाचा एक पदार्थ आईबापांनीं भोजनगृहाच्या यादीवर वाचला आणि तें नांव त्यांच्या मनांत भरलें. मुलगा जन्मला २३ ऑगस्ट १९७८ रोजीं, फिलाडेल्फिया येथें. बाप जो ब्रायंट हाही याच खेळावर पोट भरणारा. अमेरिकेंतील कारकीर्द आटोपल्यावर त्यानें इटलींतील संघांची चाकरी पत्करली, आणि १९८४ ते १९९१ या काळांत कोबीचें बालपण रिएती, पिस्तोइया, रेज्जो एमिलिया अशा इटालियन गांवांत गेलें. १९९६ सालीं, वयाचीं अठरा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, तो शाळेंतून थेट व्यावसायिक खेळांत उतरला आणि लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघांत दाखल झाला. तेथून वीस वर्षें त्यानें संघ बदलला नाहीं. या काळांत लेकर्सनें पांच वेळां अजिंक्यपद मिळविलें. २००८ व २०१२ च्या ऑलिंपिक स्पर्धांत सुवर्णपदक मिळविणाऱ्या अमेरिकन संघांत तो होता. आणि मुख्य साखळी सामन्यांत त्याच्या नांवावर ३३,६४३ गुण जमा झाले. २२ जानेवारी २००६ रोजीं टोरोंटोच्या संघाविरुद्ध त्यानें एकट्यानें ८१ गुण केले. त्या दिवसापर्यंत एका सामन्यांत याहून अधिक गुण केवळ विल्ट चेंबरलेननें केले होते. चेंबरलेनचे ते गुण होते १००, आणि साल होतें १९६२.

आंकड्यांनीं आदर उत्पन्न होतो. परंतु जिव्हाळ्याचें मूळ बहुधा दुसरीकडेच असतें. ब्रायंटच्या बाबतींत तें त्याच्या कष्टांत होतें, आणि ते कष्ट लोकांनीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिले होते. तो निवृत्त झाला तेव्हां सर्वाधिक चुकलेल्या फेंकींचा विक्रमही त्याच्याच नांवावर होता. त्याच्या १४,४८१ फेंकी जाळींत गेल्या नाहींत. जो इतक्या वेळां चुकतो, त्यानें तितक्या वेळां पुन्हां हात उचललेला असतो, हें त्याचे चाहते जाणून होते. १२ एप्रिल २०१३ च्या सामन्यांत त्याच्या पायाची टांचेमागील जाड शीर तुटली. उभें राहणेंही कठीण व्हावें अशी ती दुखापत. नियमाप्रमाणें त्याला दोन मोकळ्या फेंकी मिळाल्या होत्या. तो लंगडत रेषेपाशीं गेला, दोन्ही चेंडू जाळींत टाकले, आणि मग आपल्या पायांनीं चालत मैदानाबाहेर पडला. पुढें १३ एप्रिल २०१६ रोजीं, कारकीर्दींतील शेवटच्या सामन्यांत, त्याच्या पहिल्या पांच फेंकी वायां गेल्या. सामना संपला तेव्हां त्याच्या नांवावर ६० गुण होते, आणि त्यासाठीं त्यानें ५० वेळां चेंडू फेंकला होता. पन्नास फेंकी म्हणजे सोबत्यांच्या वाट्याचा चेंडूही पुष्कळसा आपणच घेणें होय. त्याच्या या हटवादी खेळावर टीका कांहीं थोडी झाली नाहीं. पण टीकाकारही जागचे उठून गेले नाहींत.

एखाद्या गवयाच्या मैफली वीस वर्षें ऐकणाऱ्या रसिकाला गवयाच्या घरची कांहींच माहिती नसते. परंतु त्याचा श्वास कोठें तुटतो आणि तो कोठें सांवरून घेतो, हें त्या रसिकास घरच्यांहूनही अधिक ठाऊक असतें. ब्रायंटशीं लोकांची ओळख होती ती या जातीची. म्हणूनच तो गेल्यावर लोकांनीं त्याचें स्मरण केलें तें खेळाच्याच भाषेंत. ती भाषा समजण्यासाठीं या खेळांतील एक घड्याळ आपण समजून घेतलें पाहिजे.

बास्केटबॉलमध्यें ज्या संघाच्या हातीं चेंडू असेल त्यानें ठराविक वेळांत तो प्रतिपक्षाच्या जाळीकडे फेंकलाच पाहिजे, असा दंडक आहे. पूर्वीं तो नव्हता. २२ नोव्हेंबर १९५० रोजीं फोर्ट वेनच्या संघानें बराच वेळ चेंडू नुसता आपल्याकडे धरून ठेवला आणि मिनियापोलिसच्या संघास १९ विरुद्ध १८ गुणांनीं हरविलें. तो हरलेला संघ म्हणजे हाच लेकर्स. लॉस एंजेलिसला तो १९६० सालीं आला. असले सामने पैसे देऊन कोण पाहणार? तेव्हां सिरॅक्यूजच्या संघाचे मालक डॅनी बिआसोन यांनीं पुढाकार घेतला आणि एक सोपा हिशेब मांडण्यांत आला. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंदांचा. रंगतदार सामन्यांत दोन्ही संघ मिळून सुमारें १२० फेंकी होतात. भागाकार केला तर एका फेंकीच्या वाट्यास २४ सेकंद येतात. १९५४ सालीं हा नियम लागू झाला. चोवीस सेकंदांत फेंक झाली नाहीं तर पंच शिटी वाजवितो आणि चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. याच्याच जोडीला दुसरा एक नियम आहे. आपल्या अर्ध्या भागांतून चेंडू आठ सेकंदांच्या आंत पलीकडे गेला पाहिजे.

आतां गंमत पाहा. ब्रायंटनें पहिलीं दहा वर्षें ८ क्रमांकाचा सदरा घातला आणि पुढचीं दहा वर्षें २४ क्रमांकाचा. डिसेंबर २०१७ मध्यें लेकर्सनें हे दोन्ही क्रमांक त्याच्या सन्मानार्थ कायमचे बाजूस काढून ठेवले.

मृत्यूची वार्ता पसरली त्याच दिवशीं ठिकठिकाणीं सामने ठरलेले होते. सान अँटोनियो येथें गांठ होती ती टोरोंटोच्याच संघाशीं, म्हणजे ज्याच्याविरुद्ध त्यानें ८१ गुण केले त्याच संघाशीं. खेळ सुरू झाला. चेंडू टोरोंटोच्या हातीं आला, आणि त्या संघानें कांहींच केलें नाहीं. कोणी धांवलें नाहीं, कोणी अडविलें नाहीं. घड्याळ तेवढें चालत राहिलें. प्रेक्षक उभे राहिले आणि ब्रायंटच्या नांवाचा घोष होऊं लागला. चोवीस सेकंद संपले, चेंडू सान अँटोनियोकडे गेला, आणि त्या संघानेंही आपले चोवीस सेकंद तसेच जाऊं दिले. अटलांटा येथें ट्रे यंग या तरुण खेळाडूनें स्वतःचा क्रमांक बाजूस ठेवून आरंभीं ८ क्रमांकाचा सदरा घातला, आणि त्याच्या संघानें आठ सेकंद चेंडू पलीकडे नेलाच नाहीं. पुढें कित्येक दिवस अनेक सामन्यांच्या आरंभीं हा प्रघात चालू राहिला.

श्रोतेहो, या कृतींतील मर्म ध्यानांत घेण्यासारखें आहे. नियमाच्या पुस्तकांत जी चूक म्हणून लिहिली आहे, तीच त्या दिवशीं आदरांजली झाली. या खेळांत सेकंदासेकंदाला मोल असतें. तें मोलच त्यांनीं ओंजळींतून सोडून दिलें. तेथें पुरोहित नव्हता, मंत्र नव्हते, आणि अर्थ समजावून सांगण्यास कोणी वक्ताही नव्हता. तरी हजारों लोकांस तो अर्थ एका क्षणांत कळला.

लॉस एंजेलिसमध्यें हें दुःख रस्त्यावर आलें. ज्या स्टेपल्स सेंटर क्रीडागृहांत तो खेळे, तेथेंच त्या रात्रीं संगीताच्या ग्रॅमी पुरस्कारांचा समारंभ होता. आंत समारंभ चालला असतां बाहेरच्या चौकांत लोक जमूं लागले. कोणी फुलें आणलीं, कोणी मेणबत्त्या, कोणी पत्रें लिहून आणलीं. आठवडा उलटल्यावर या साऱ्या वस्तु आवरण्यांत आल्या, तेव्हां त्यांत १,३५३ बास्केटबॉल मोजले गेले. शिवाय शेंकडों बुटांचे जोड होतेच. या वस्तु ब्रायंटच्या कुटुंबाकडे पाठविण्याची व्यवस्था झाली. फुलांचें खत करण्यांत आलें आणि तें त्याच परिसरांतील झाडांना घातलें गेलें. निर्माल्य कोठेंही न टाकतां झाडाच्या मुळाशीं ठेवण्याची चाल आपल्याकडे आहे. तिकडच्या लोकांनाही शेवटीं तेंच सुचावें, याचें मला फार समाधान वाटतें.

३१ जानेवारी रोजीं लेकर्सचा पहिला सामना झाला. क्रीडागृहांतील प्रत्येक आसनावर ८ किंवा २४ क्रमांकाचा सदरा ठेवलेला होता, आणि बापलेकी जेथें बसत त्या दोन आसनांवर सदरे व गुलाबाचीं फुलें होतीं. मोठी शोकसभा भरली ती २४ फेब्रुवारीस. अमेरिकन लोक तारीख लिहितांना महिना आधीं लिहितात. त्यांच्या लेखीं हा दिवस २-२४. पैकीं २ हा जियानाच्या सदऱ्यावरील क्रमांक आणि २४ हा बापाचा. या सभेला सुमारें २०,००० लोक होते. मायकेल जॉर्डन हा पूर्वींचा महान् खेळाडू बोलावयास उभा राहिला, आणि त्याला अश्रु आवरतां आले नाहींत.

हें स्मरण अमेरिकेपुरतें राहिलें नाहीं. फिलिपीन्समध्यें हा खेळ गल्लीबोळांत खेळला जातो. तेथें मनिला महानगरांतील तागिग येथें एका जुन्या, चाळवजा इमारतीच्या चौकांत बास्केटबॉलचें मैदान आहे. त्या मैदानाच्या जमिनीवरच बापलेकींचें प्रचंड चित्र रंगविण्यांत आलें. इटलीच्या बास्केटबॉल महासंघानें आठवडाभर सर्व दर्जांच्या सामन्यांत एक मिनिट मौन पाळण्याचा आदेश काढला, आणि रेज्जो एमिलिया या गांवानें आपल्या क्रीडागृहाबाहेरील जागेस दोघांचें नांव दिलें. या सर्वांहून साधी अशी एक प्रथा त्याच्या हयातींतच पडून गेली होती. शाळेंत किंवा कचेरींत कागदाचा बोळा करावा, लांबच्या टोपलीवर नेम धरावा, आणि फेंकतांना ‘कोबी!’ असें ओरडावें. ज्यांनीं उभ्या जन्मांत बास्केटबॉल हातीं धरला नाहीं असे लोकही हें करीत. तो गेल्यावर अनेकांनीं आपली आठवण म्हणून हीच सांगितली.

आतां कोणी विचारील कीं, एका श्रीमंत, परक्या माणसासाठीं इतका शोक कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर मला असें वाटतें. माणूस वीस वर्षें एका खेळाडूला पाहतो, तेव्हां तो एकटा पाहत नसतो. शेजारीं बाप असतो, भाऊ असतो, वसतिगृहांतील मित्र असतो. १९९६ सालीं शाळेंत असलेला मुलगा २०१६ सालीं स्वतः बाप झालेला असतो. एरवीं ज्या बापलेकांत चार शब्दांचें बोलणें होत नाहीं, त्यांच्यांत सामन्याच्या निमित्तानें तासभर संभाषण चालतें. खेळाडू जातो तेव्हां त्या साऱ्या संध्याकाळींवर एकदम पडदा पडतो, आणि आपलें वय आपल्याला दिसूं लागतें. त्या आठवड्यांत एका क्रीडावृत्त-निवेदिकेनें ब्रायंटच्या भेटीची एक आठवण सांगितली. त्याला चार मुली होत्या, आणि आपण मुलींचे बाप आहों याचा त्याला केवढा अभिमान होता, असें तिनें सांगतांच देशोदेशींचे बाप आपापल्या मुलींबरोबरचीं छायाचित्रें प्रसिद्ध करूं लागले. रडत होते ते ब्रायंटसाठीं. पण जवळ ओढून घेतलें तें आपल्या मुलीला. अशा शोकाला मी तरी वायफळ म्हणणार नाहीं.

तथापि प्रेमाची एक काळी बाजूही आहे, आणि ती सांगितल्यावांचून हें भाषण प्रामाणिक व्हावयाचें नाहीं. २००३ सालीं कोलोरॅडो प्रांतांत १९ वर्षांच्या एका तरुणीनें ब्रायंटवर बलात्काराचा आरोप केला. तिनें न्यायालयांत साक्ष न देण्याचें ठरविल्यामुळें सप्टेंबर २००४ मध्यें फौजदारी खटला काढून टाकण्यांत आला. त्या वेळच्या निवेदनांत ब्रायंटनें तिची क्षमा मागितली. संबंध उभयतांच्या संमतीनें झाला असें आपणांस वाटत होतें, परंतु तिच्या दृष्टीनें तशी संमति नव्हती हें आतां समजतें, असें त्यांत म्हटलें होतें. दिवाणी दावा पुढें २००५ सालीं आपसांत मिटला. मृत्यूच्या दिवशींच एका वृत्तपत्राच्या वार्ताहर स्त्रीनें या जुन्या प्रकरणावरील लेखाकडे लक्ष वेधलें, तेव्हां तिच्यावर धमक्यांचा वर्षाव झाला. खुद्द तिच्या वृत्तपत्रानेंही तिला कामावरून दूर केलें आणि दोन दिवसांनीं परत घेतलें.

हा प्रसंग चाहत्यांना शोभणारा नव्हता. ज्यांना खेळाडूचा खेळ आठवावयाचा आहे त्यांना त्याला संत करण्याची गरज नसते. ज्याच्या १४,४८१ चुकलेल्या फेंकी आपण मोजून ठेवल्या, त्याच्या आयुष्यांतील गंभीर गोष्टींचा उच्चारही होऊं नये, हें तर्काला धरून नाहीं. दुसरी विस्मृति त्याहून सौम्य, पण तितकीच खरी. त्या हेलिकॉप्टरमध्यें आणखी आठ जण होते. जियाना होती, तिच्या वयाच्या, तिच्याच संघांतील दोन मुली होत्या, त्यांचे आईबाप, एक प्रशिक्षिका आणि वैमानिक होते. एका नांवाच्या प्रकाशांत दुसरीं नांवें दिसेनाशीं होतात. शोकसभेंत आणि त्यानंतरच्या अनेक समारंभांत तीं सर्व नांवें आवर्जून घेण्यांत आलीं, हें योग्यच झालें. शिवाय, अपघातस्थळीं गेलेल्या कांहीं सरकारी नोकरांनीं मृतदेहांचीं छायाचित्रें काढलीं आणि तीं इतरांस दाखविलीं. त्यावर ब्रायंटच्या पत्नीनें दावा लावला. ऑगस्ट २०२२ मध्यें ज्यूरीनें तिला १ कोटि ६० लक्ष डॉलर भरपाई ठरवून दिली. अशीं छायाचित्रें काढणें तत्पूर्वींच कॅलिफोर्नियांत कायद्यानें गुन्हा ठरलें होतें. लोकप्रिय माणूस सर्वांचा असतो खरा. परंतु त्याचें शव तरी त्याच्या घरच्यांचेंच असतें.

असो. काळाबरोबर स्मरणाला संस्थांचें रूप येतें, तसें येथेंही आलें. फेब्रुवारी २०२० मध्यें शिकागो येथें निवडक खेळाडूंचा वार्षिक सामना झाला. त्याच्या शेवटच्या सत्रांत सामन्याचें घड्याळ बंद ठेवण्यांत आलें, आणि आघाडीच्या संघाच्या गुणांत २४ मिळवून येणारा आंकडा जो आधीं गांठील तो विजयी, असें ठरलें. त्या सामन्यांतील सर्वोत्तम खेळाडूच्या चषकास ब्रायंटचें नांव मिळालें. ८ फेब्रुवारी २०२४ रोजीं, म्हणजे तिकडच्या रीतीनें २-८-२४ या दिवशीं, आतां दुसरें नांव धारण केलेल्या त्याच क्रीडागृहाबाहेर त्याच्या पुतळ्याचें अनावरण झालें. चौथऱ्यावर ८१ गुणांच्या सामन्याचा तक्ता कोरलेला होता. महिनाभरांतच चाहत्यांच्या लक्षांत आलें कीं, तक्त्यांतील कांहीं नांवांचीं अक्षरें चुकलीं आहेत. तेव्हां संघाला तीं दुरुस्त करण्याचें कबूल करावें लागलें. पुतळ्याच्या भव्यतेपेक्षां मला ही चूक शोधणारी नजर अधिक मोलाची वाटते. अठरा वर्षांपूर्वींच्या सामन्यांत प्रतिपक्षाकडून कोण खेळलें, त्याच्या नांवांत कोणतें अक्षर येतें, हें ज्यांना पाठ आहे, त्यांच्या स्मरणास चौथऱ्याची जरूरी नाहीं.

आकाशवाणीच्या या खोलींतही समोर एक घड्याळ आहे, आणि त्याचा कांटा मला थांबावयास सांगत आहे. जातां जातां एवढेंच सुचवितों. ही गोष्ट घरांतील मुलांना सांगाल तेव्हां एकदां घड्याळ समोर ठेवून चोवीस सेकंद कांहींही न करतां बसून पाहा. तेवढा वेळ किती मोठा असतो, आणि तो दुसऱ्यासाठीं सोडून देणें म्हणजे काय, हें त्यांना माझ्या भाषणापेक्षां अधिक चांगलें कळेल.